रिकामी बाटली कुणाची

बायडाबाई जर्मनीहून परत आली तेव्हा येरवड्याच्या वस्तीत तिला सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला. विमानात भीती वाटली का, तिकडची माणसं कशी, खायला काय दिलं, यातलं काही कुणाच्या तोंडून आलं नाही. तिकडं बियर केवढ्याला मिळते, एवढंच.

सुरुवात तिच्या दिराने केली. दत्तोबा रिक्षा चालवायचा, म्हणजे दुपारपर्यंत चालवायचा. संध्याकाळी गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात त्याचा हात धरणारा येरवड्यात दुसरा कुणी नव्हता. तो उंबऱ्यावर येऊन बसला.

"वहिनी, खरं सांग. पान्यापरीस स्वस्त आसती म्हंत्यात."

"पासष्ट रुपय," बायडाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

दत्तोबा उंबऱ्यावरून पुढे सरकला. "गार?"

"गारच की."

"अन् हितं दुकानात एकशे सत्तर. आप्पासाहेबाच्या हाटेलात दोनशे तीस." तो मनातल्या मनात वजाबाकी करत बसला. आपल्या वाटणीची जमीन भावाने कधीच खाल्ली आहे हे उशिरा कळावं, तसा त्याचा चेहरा झाला. "आपुन चुकीच्या देशात जल्मलो बघ, वहिनी."

"पन बाटली येगळी," बायडाबाई म्हणाली. "बियर पासष्ट. बाटलीचे सहा येगळे."

हे दत्तोबाने ऐकलं नाही. वस्तीत कुणीच ऐकलं नाही. पासष्टचा आकडा बोळाबोळांतून फिरला, नळाच्या रांगेत उभा राहिला, सलूनच्या आरशापुढे दाढी करून आला. रस्त्याने जाताना लोक तिला 'काय पासष्ट' म्हणून हाक मारू लागले. बाटलीचे सहा रुपये मात्र तिच्यापाशीच राहिले. ते कुणाला सांगावेत हे तिला कळत नव्हतं, आणि गिळताही येत नव्हते.

बायडाबाई मूळची लोणी काळभोरची. बाप दुसऱ्याच्या मळ्यावर सालगडी. लग्न होऊन ती येरवड्यात आली. नवरा हमाली करायचा. तो तरुणपणीच गेला आणि मागे दोन मुली राहिल्या. तिने खांद्याला पोतं लावलं. बायका कागद वेचत, पत्रा वेचत, पुढे प्लॅस्टिकवर भांडणं होऊ लागली. काचेकडे कुणी जात नसे. काच जड, काच कापते, आणि भाव असा की मोजायला लाज वाटावी. बायडाबाईने काच धरली. जे कुणालाच नको असतं त्यावर कुणी हक्क सांगत नाही, असा तिचा हिशेब होता. हा हिशेब बरीच वर्षं बरोबर निघाला. दोन्ही मुली त्यावर उजवून झाल्या. तिच्या तळहातांवर काचेने इतक्या रेघा मारल्या होत्या, की हात बघणाऱ्या जोश्यालाही खरी रेघ कोणती ते सापडलं नसतं.

तिची बरीचशी काच एका ठिकाणाहून यायची. नगर रस्त्याच्या आतल्या बाजूला आप्पासाहेबांचं 'राजयोग' नावाचं परमिट रूमवालं हॉटेल होतं. तिथे एके काळी त्यांची ज्वारी उभी असायची. जमिनीचे तुकडे बिल्डरला गेले, उरलेल्या तुकड्यावर राजयोग उभं राहिलं. बायडाबाईशी त्यांचा करार तोंडी होता. तिने रोज सकाळी मागचं अंगण झाडायचं, स्वयंपाकघराचा ओला कचरा उचलायचा, आणि त्याबदल्यात रात्रीच्या रिकाम्या बाटल्या न्यायच्या. पैशाचा संबंध नाही. बाटल्या ती मन्सूरच्या भंगाराच्या दुकानात घालायची. मन्सूर बाटलीला दोन रुपये द्यायचा आणि फुटकी काच तोलताना काट्यावर कधी बोट ठेवायचा नाही.

नोटाबंदीनंतरच्या दुसऱ्या वर्षी कचरावेचकांच्या संघटनेला जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातून बोलावणं आलं. देशोदेशीच्या कचरा वेचणाऱ्या बायका तिथे जमणार होत्या. पुण्यातून कुणाला पाठवायचं यावर बैठकीत बराच खल झाला. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "जी जास्त भांडती तिला धाडा. हितं तरी चार दिस शांतता." त्यावर कुणी नाव उच्चारलं नाही. सगळ्यांनी बायडाबाईकडे पाहिलं. संघटनेत काम करणारी सुहासिनी तिच्याबरोबर गेली.

सभा झाल्या. कानाला यंत्र लावून बायडाबाई ऐकत राहिली, तिची पाळी आली तेव्हा बोलली, आणि टाळ्या वाजल्या. ते सगळं तिच्या लक्षात फारसं राहिलं नाही. लक्षात राहिली ती नदीकाठची एक संध्याकाळ. तरणी पोरं आणि पोरी हातात बाटल्या घेऊन गवतावर बसली होती, उघड्यावर, कुणाची चोरी नसल्यासारखी. उठून जाताना त्यांनी बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या नाहीत. डब्याच्या बाजूला नीट उभ्या करून ठेवल्या.

बायडाबाईचा हात आपोआप गेला. तिने दोन बाटल्या उचलल्या, तिसरी काखेत धरली. इतक्यात चाकाची पिशवी ओढत एक गोरी म्हातारी तावातावाने आली आणि तिच्या भाषेत वाट्टेल ते बोलू लागली. सुहासिनी घाबरली, माफी मागू लागली. बायडाबाईला भाषा कळली नाही, पण भांडण कळलं. ही म्हातारीची हद्द होती. येरवड्यात कुणी तिच्या हद्दीत शिरलं असतं, तर तिने याहून वाईट शब्द वापरले असते. तिने तिन्ही बाटल्या म्हातारीच्या पिशवीत आपल्या हाताने ठेवल्या, आणि कानाला हात लावला. म्हातारीने पिशवी बाजूला उभी केली. मग तिने बायडाबाईचा तळहात पकडून उलटासुलटा करून पाहिला, आपला पुढे केला. त्यावरही रेघा होत्या.

दुसऱ्या दिवशी बायडाबाईने सुहासिनीला दुकानात नेलं. तिथे भिंतीत एक यंत्र होतं. लोक भोकातून रिकामी बाटली आत सरकवत, यंत्र चिठ्ठी देई आणि चिठ्ठीचे पैसे मिळत.

"ते कसले पैसे देतंय?"

"बाटलीचे, मावशी. बियर घेताना बाटलीचे पैसे वेगळे भरायचे. हे बघा, किमतीखाली बारीक अक्षरांत लिहिलंय. बियर ऐंशी सेंट, बाटली आठ. म्हणजे बियर पासष्टच्या आत-बाहेर आणि बाटली सहा रुपये. बाटली परत दिली की सहा परत."

"अन् न्हाई दिली परत? तशीच ठिवली नदीकाठाला?"

"मग जिच्या हातात येईल तिचे सहा."

बायडाबाई त्या बारीक अक्षरांकडे पाहत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण त्या दोन आकड्यांच्या मधली मोकळी जागा तिला दिसत होती. तिच्या देशात ती जागाच नव्हती. तिथे सगळं एकात एक कालवून एकच मोठा आकडा माणसाच्या अंगावर टाकत.

परतल्यावर कामाच्या पहिल्या सकाळी ती खराटा घेऊन राजयोगच्या मागच्या दाराशी गेली, तेव्हा आप्पासाहेब अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होते.

"काय बायडे, पासष्टला मिळते म्हणे तिकडं. मग परत कशाला आलीस?"

"तुमचं अंगान कोन झाडनार मग?"

आप्पासाहेब हसले. हसताना त्यांचे डोळे हसत नसत, ते दुसरीकडे काहीतरी मोजत असत. "बस जरा. एक सांगायचंय. ह्या महिन्यापासनं बाटल्या ठेकेदाराला द्यायच्या ठरल्यात. जुन्या बाटल्या धुऊन परत भरतात म्हणं. बाटलीला पाच देतो. तू काम सोडू नको. झाडझूड कर, बाटल्या त्याच्या टेंपोत भरून दे, रोजाचे साठ रुपये घे."

बायडाबाई खराट्यावर हात टेकून उभी राहिली. इतकी वर्षं ज्या वस्तूला कुणी हात लावत नव्हतं, तिला आता भाव आला होता. भाव आला की मालक येतो. "बाटल्या माझ्या हायत, आप्पासाहेब."

"तुझ्या? दोनशे तीस देऊन विकत घेतल्या होत्यास का?"

ते हे सहज बोलले, चहाचा शेवटचा घोट घेता घेता. पण बायडाबाई त्या दिवशी अंगण न झाडताच निघाली. वाटेत मन्सूरच्या दुकानाशी थांबली. मन्सूरची बायको जरीना शाळा शिकलेली होती. बायडाबाईने ढिगातली एक बाटली उचलून तिच्या हातात दिली.

"ह्याच्यावर किंमत वाच."

"एकशे सत्तर. सर्व करांसहित."

"बाटलीसहित म्हनलंय?"

जरीनाने बाटली फिरवली. "तसं काही नाही लिहिलं. पण बाटलीशिवाय बियर देतात का कुठं? सगळं धरूनच असणार."

"सगळं धरून," बायडाबाई म्हणाली आणि निघाली.

त्या संध्याकाळी ती न्हाली. जर्मनीला नेसून गेली होती ते हिरवं लुगडं नेसली, कनवटीला पैसे लावले आणि राजयोगच्या पुढच्या दाराने आत गेली. त्या दाराने ती कधी आली नव्हती. आत पिवळा उजेड होता, भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं. टेबलांवर पुरुष होते. बायकांसाठी वर वेगळी खोली होती आणि तिथे आणलेल्या बायका नवऱ्यांबरोबर पनीर खात. बायडाबाई दाराजवळच्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसली.

श्याम वेटर धावत आला. तो तिला रोज पाहत असे. "मावशी, मागनं ये की. इथं काय?"

"आज गिऱ्हाईक हाय. एक बियर आन. गार."

श्यामने गल्ल्याकडे पाहिलं. गल्ल्यावर आप्पासाहेब होते. त्यांनी मान हलवली नाही, नुसती भुवई उचलली. श्यामला त्याचा अर्थ कळला. "मावशी, परवाना लागतो. सरकारी. प्यायचा परवाना."

शेजारच्या टेबलावर दिगंबरपंत बसले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, रोजच्या वेळेचे, रोजच्या जागेचे. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "श्याम, तू मला परवाना कधी विचारलास ते आठवतंय का रे? नाही, मी उगाच इतकी वर्षं बेकायदा प्यालो की काय, म्हणून विचारतो."

एक-दोघे हसले. श्याम घुटमळला. "तसं नाही काका..."

"एका दिवसाचा परवाना मिळतो ना हितंच?" बायडाबाई म्हणाली. "पाच रुपयाला? पुस्तक तुमच्या गल्ल्याखाली हाय. मी झाडताना मागच्या दारातनं बघितलंय. फाड एक. नाव लिही. वय विचारू नगस, दिसतंय."

आप्पासाहेबांनी परवाना फाडला. भरल्या हॉटेलात नाही म्हणायला त्यांच्यापाशी कारण उरलं नव्हतं.

बाटली आली. श्यामने ग्लास तिरका धरून ओतली. सगळी टेबलं तिच्याकडे पाहत होती, आणि पाहत नाही असं दाखवत होती. बायडाबाईने पहिला घोट घेतला. कडू होती. आयुष्यभर जिचा आंबूस वास लुगड्याला, केसांना, उशीला लागून राहिला, ती अशी लागते हे तिला आज कळत होतं. यासाठी दत्तोबा देश बदलायला निघाला होता. यासाठी माणसं रिक्षा थांबवतात, घरची उधारी थकवतात. तिला बियर आवडली नाही. तरी ती थेंबन्‌थेंब प्यायली. दिवसभराची कमाई समोर होती, ती ओतून देण्याइतकी ती वेडी नव्हती.

मग तिने बोटाने श्यामला बोलावलं. "बिल आन."

दोनशे तीसचं बिल आलं. तिने नोटा काढून ठेवल्या, आणि बाटली उचलून मांडीवर घेतली.

"बाटली ठेव, मावशी."

"का?"

श्याम गल्ल्याकडे वळला. आप्पासाहेब गल्ल्यावरून म्हणाले, "बाटली इथंच राहती. पद्धत हाये ती."

"पद्धत कळली. पन दोनशे तीस कशाचे, ते सांगा. बाटली धरून, का बाटली सोडून?"

"सगळं धरून."

"मग बाटली माझी झाली. आता हितं ठिवायची आसंल, तर तिचे पैशे वजा करा. ठेकेदार तुमाला पाच देतोय. मलाबी पाच द्या. सकाळी तुमीच इचारलं, दोनशे तीसला इकत घेतली व्हती का. घेतली."

हॉटेलात कुठेतरी चमचा पडला. आप्पासाहेब हसले. "जर्मनीला जाऊन डोकं फिरलं हिचं."

"थांबा, थांबा," दिगंबरपंत म्हणाले. त्यांनी आपली अर्धी बाटली डोळ्यांसमोर धरली, जणू ती आज पहिल्यांदा दिसत होती. "ठेकेदार पाच देतो? आप्पासाहेब, म्हणजे ही बाटली आधी तुम्ही मला विकता, आणि मग त्याला. मी मधे फक्त रिकामी करून देतो. माझी मजुरी कुठे आहे?"

"पंत, तुम्ही पण काय..."

"नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

पुण्यात हा शब्द उच्चारला की माणूस गार बियरसुद्धा बाजूला ठेवतो. पलीकडच्या टेबलावर कंपनीत काम करणारी तीन पोरं होती. त्यांतला एक म्हणाला, "काका, पॉइंट बरोबर आहे. बाहेरच्या देशांत अशीच सिस्टिम आहे." त्याने लगेच टेबलावरच्या बाटल्या मोजल्या आणि श्यामला हाक मारली. "भाऊ, सहा आहेत. तीस कमी कर." कोपऱ्यातल्या एकाने, ज्याला भांडण नेमकं काय आहे ते कळलंही नव्हतं, आपल्या बाटल्या टेबलाखाली पायांत घेऊन ठेवल्या. दुसरा म्हणाला की मग उद्या बर्फाचे, परवा शेंगदाण्याचे वेगळे मागतील, हा मूर्खपणा आहे. त्यावर त्याचं आणि दिगंबरपंतांचं लागलं. कुणीही बायडाबाईची बाजू घेत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या पाच रुपयांची बाजू घेत होता. बायडाबाईला ते दिसत होतं, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. माणसं दुसऱ्यासाठी भांडत नाहीत, हे तिला वेचायला लागल्यापासून माहीत होतं.

आप्पासाहेब गल्ल्यावर बसून ऐकत होते. त्यांचे डोळे पुन्हा मोजू लागले होते. ठेकेदाराचे पाच एकीकडे, आणि दुसरीकडे रोज, प्रत्येक बिलावर, प्रत्येक टेबलाशी हे भांडण. दिगंबरपंत तर बोलायला दुसरा विषय मिळेपर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, हे सोडणार नव्हते. आप्पासाहेबांनी जमिनीचे खटले लढवले होते. कोणता खटला लांबतो हे त्यांना वासाने कळत असे.

"बास," ते म्हणाले. "कुणाचं काही कमी व्हनार नाही. बाटल्या ठेकेदाराला जाणार नाहीत. ह्या बाईला जातील, जशा जात होत्या. झालं समाधान?"

दिगंबरपंत नाराज झाले. "म्हणजे माझा प्रश्न तसाच राहिला."

"बाईला विचारा तुमचा प्रश्न," आप्पासाहेब म्हणाले, आणि मग खालच्या आवाजात बायडाबाईला म्हणाले, "घेऊन जा. पण परत ह्या टेबलावर दिसू नको."

बायडाबाई उठली. डोकं जरा हलकं झालं होतं, पाय मात्र जमिनीवर होते. "ते मी ठरवीन. परवाना हाय माझ्याकडं."

"एका दिवसाचा हाये."

"मग आजचा दिस संपला न्हाई अजून," ती म्हणाली, आणि बाटली काखेत मारून पुढच्याच दाराने बाहेर पडली. रस्त्यावर दत्तोबा रिक्षात वाट पाहत होता. वहिनी राजयोगमध्ये शिरल्याची बातमी त्याला सवारी सोडून यायला पुरेशी होती. त्याने तिच्या तोंडाचा वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला पडली?"

"घर चल," ती म्हणाली.

सकाळी ती नेहमीपेक्षा उशिरा मागच्या अंगणात आली. रात्रीच्या बाटल्या क्रेटमध्ये तशाच होत्या. तिने पोतं पसरलं आणि एकेक बाटली आडवी ठेवू लागली. अंगणात सिगारेटची थोटकं होती, कांद्याची सालं होती, वाऱ्याने आणलेला पाला होता. आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. चहा येऊन निवला, तरी ती पोतंच भरत राहिली. तिने खराटा आणलाच नव्हता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"अंगण?"

"बाटल्या गिऱ्हाइकांच्या," बायडाबाई म्हणाली. "ते ठिवून जात्यात, मी उचलते. त्यात तुमचं मला देनं काय आलं? मग मी तुमचं अंगान कशापायी झाडू?"

"इतकी वर्षं झाडत होतीस की."

"तवा म्हाईत नव्हतं."

आप्पासाहेबांनी निवलेला चहा अंगणात ओतला. बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मग त्यांनी विचारलं, "किती घेशील?"

"रोजाचे दीडशे. ओल्या कचऱ्याचे येगळे."

"शंभर."

बायडाबाईने पोत्याचं तोंड बांधलं, गुडघा टेकून ते पाठीवर घेतलं आणि दारापाशी गेली. पोत्याच्या वजनाने ती वाकली होती, त्यामुळे मागे वळून बघणं तिला जमत नव्हतं. तिने रस्त्याकडे बघतच सांगितलं, "दुसरी बाई बघा मग. मला बाटल्या हायत."

पोत्याचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. अंगणात वारा आला. कांद्याची सालं खुर्चीच्या पायाशी येऊन थांबली. आप्पासाहेबांनी श्यामला हाक मारली आणि म्हणाले, "जा, तिला सांग, दीडशे."

श्याम धावला, आणि धापा टाकत परत आला. "मावशी म्हनती, आजचा दिवस बुडला. उद्यापासनं."